फॅन फिरतायत, पण डिस्प्ले नाही? कार्ड परत करायच्या आधी हे बघा

फॅन फिरतायत, आरजीबी रंगीत दिवे झगमगतायत आणि मॉनिटर म्हणतोय, ‘नो सिग्नल’. पहिला पीसी स्वतः जोडणाऱ्याचा जीव इथेच टांगणीला लागतो. मग घरात एकच चर्चा, ग्राफिक्स कार्ड गेलं! अहो थांबा, नवीन बिल्डमध्ये कार्डावर मी सगळ्यात शेवटी संशय घेतो. आधी मशीन चालू झालंय की नाही ते ठरवू.

वायरचा कीबोर्ड लावा, मिनिटभर थांबा आणि नम लॉक दाबा. दिवा चालू-बंद होतोय? मग मशीन बहुतेक उठलंय, फक्त चित्र तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. दिवा ढिम्म असेल तर गाडी त्याच्या आधीच अडकलीय.

दिवा लागतोय, तर कॅबिनेटच्या मागे जा. (कॅमेरा मागच्या बाजूला.) हे वर, यूएसबीच्या शेजारी दिसतंय ते मदरबोर्डचं एचडीएमआय. आणि खाली हे आडवे पोर्ट, हे कार्डाचे. केबल खाली लावायची. रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ प्रोसेसर घेतलाय ना? त्यात ग्राफिक्स नाहीतच, त्यामुळे वरच्या पोर्टमधून जन्मात डिस्प्ले येणार नाही. ५६००जी असेल, किंवा ‘एफ’ नसलेला १२४००, तर मात्र कार्ड काढून वरच्या पोर्टवर टेस्ट करता येतं. मॉनिटरचा इनपुट सोर्सही बघून घ्या. आणि घरातला जुना व्हीजीए मॉनिटर लावायचा असेल तर नुसती एचडीएमआय-व्हीजीए वायर चालत नाही, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो.

आता दिवा ढिम्म असलेले. तुमच्यासाठी माझं उत्तर नव्वद टक्के वेळा एकच: रॅम. हा माझा अंदाज आहे हं, कुठला सर्व्हे नाही. स्विच बंद, प्लग बाहेर, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. रॅमच्या दोन्ही स्टिक काढा आणि एकच परत लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्यात. बोर्डवर बहुतेक ए२ लिहिलेलं असतं. (क्लोज-अप.) हे नीट बघा. बऱ्याच बोर्डांना लॅच, म्हणजे रॅम धरून ठेवणारा खटका, एकाच बाजूला असतो. तो ‘कट’ वाजला की माणूस समजतो, बसली. पण ही दुसरी बाजू बघा, केसभर वर आहे. तेवढ्यानं डिस्प्ले जातो. अंगठ्यानं दाबा, चांगलं दाबा, बोर्ड थोडा वाकतो तेव्हा पोटात गोळा येतो, पण तेवढा जोर लागतोच. रॅम जुन्या पीसीतली असेल तर सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, रिपेअरवाले वर्षानुवर्षं तेच करत आलेत.

एएम५ बोर्ड (एएमडीच्या नव्या रायझनचा) आणि डीडीआर५ रॅम असेल तर अजून एक गंमत. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो. स्क्रीन काळी राहते, कधी कधी कित्येक मिनिटं. लोक अर्ध्या मिनिटात पॉवर बटण दाबतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून! पंधरा मिनिटं द्या. चहा टाका.

तरीही नाही? बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट. जो लागून राहिलाय तिथे अडलंय. सीपीयूचा असेल तर बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची पॉवर केबल बघा, तीच विसरतात. किंवा बायोस, म्हणजे बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, जुनं असेल. रायझन ५००० आले २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, त्याआधीचं बायोस असलेला बी४५० बोर्ड तो प्रोसेसर ओळखणारच नाही. बोर्डवर फ्लॅशबॅक बटण असेल तर पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट होतं.

व्हीजीएचा दिवा असेल तर कार्डाची पॉवर केबल बघा. सहा अधिक दोन पिनची ती कार्डाची, चार अधिक चारची ती सीपीयूची, दोन्हींची वायरिंग वेगळी आहे. बसत नाही म्हणून जबरदस्ती करू नका. आणि मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. कनेक्टर बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असते. हार्ड डिस्क जळते, बोर्ड जातो.

बायोसमध्ये रॅमचा स्पीड वाढवल्यावर डिस्प्ले गेला असेल तर प्लग काढून ती गोल सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. सेटिंग मूळपदावर येतं.

विंडोजचा लोगो दिसतो आणि मग काळोख, हे प्रकरण ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून बघा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. नाही जमलं तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढा, नवा टाका.

पण केबल बदलून, दुसऱ्या मॉनिटरवर बघूनही बायोसच्या स्क्रीनवरच रंगीत चौकोन आणि रेघा दिसत असतील, तर आता मात्र माझाही संशय कार्डावर. मित्राच्या पीसीत लावून बघा. तिथेही तेच दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि बिल घेऊन दुकान गाठा.