हंगामाचा सण, सरवा आणि घरची उपकारस्तुती

सलाम मंडळी.

आज थेट लिलावापासून सुरू करू. चर्चच्या आवारात मांडव, मांडवात टेबल आणि टेबलावर एक दुधी. बाजारात चाळीस रुपयांना मिळेल असा. कमिटीतला एखादा दणदणीत आवाजाचा माणूस तो दुधी डोक्यावर धरून ओरडतोय, "पन्नास! पन्नास कोण म्हणालं? शंभर!" मागून एक आजी म्हणतात दोनशे. त्यांचाच पुतण्या मुद्दाम अडीचशे म्हणतो. आजी पदर खोचून पाचशेवर जातात. "पाचशे एकवार, पाचशे दोनवार, पाचशे तीनवार!" आजी पैसे मोजतात, दुधी हातात घेतात आणि पुन्हा टेबलावर ठेवतात. "परत लाव लिलावात." तोच दुधी दुसऱ्यांदा विकला जातो.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा आमचा हंगामाचा सण. नगर, जालना, सोलापूर, कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जा, सुगी झाली की एका रविवारी लोक पिकातलं पहिलं आणि चांगलं ते घेऊन येतात. बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. ही कोंबडी उपदेश चालू असताना नेमकी शांत प्रार्थनेच्या वेळी ओरडते, हा माझा अनुभव आहे. भक्ती झाली की लिलाव, लिलाव झाला की जेवण.

शहरातल्या मंडळ्यांत गंमत होते. शेत कुणाकडे नाही. मग सकाळी मंडईतून सफरचंदं आणायची, वेदीपुढे ठेवायची आणि दुपारी तीच तिप्पट भावाने विकत घ्यायची. काही तरुण यावर हसतात. मी हसत नाही. पगाराला वास नसतो, रंग नसतो, तो मोबाइलवर मेसेज म्हणून येतो. वर्षातून एकदा तो हातात धरता येईल अशा रूपात देवापुढे आणला, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

माझी तक्रार वेगळी आहे. आपण टोपली वेदीपर्यंत नेतो आणि तिथेच थांबतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 26वा अध्याय काढा. टोपलीचा विधी तिथे सविस्तर दिलाय. प्रथमफळं टोपलीत घालायची, याजकाच्या हाती द्यायची आणि मग मोठ्याने म्हणायचं की आमचा पूर्वज भटका होता, मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, आमचे हाल झाले, देवाने बाहेर काढलं. म्हणजे टोपलीबरोबर आठवणही आणायची. पण विधी तिथे संपत नाही. पुढे 11व्या वचनात आहे की तू, लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस) आणि तुमच्यात राहणारा उपरी, म्हणजे परका, सगळ्यांनी मिळून आनंद करायचा. आणि त्याच्या पुढच्या वचनात तर दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा, त्यांनी गावातच पोटभर खावं म्हणून. किती वर्षांनी, कुणाला, कुठे, सगळं ठरलेलं. उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार, मनातल्या मनात करायची गोष्ट असती, तर मोशेने एवढा तपशील कशाला दिला असता?

(पडद्यावर: अनुवाद 26:11-12)

आता सरवा. शहरातल्या पोरांना हा शब्द माहीत नसेल. कापणी झाल्यावर शेतात जी कणसं पडून राहतात, सुटून जातात, तो सरवा. आपल्याकडे गरीब बायका सरवा वेचायला जायच्या, जुन्या लोकांना विचारा. बायबलच्या लेवीय या पुस्तकात, 19व्या अध्यायात, शेतकऱ्याला स्पष्ट सांगितलंय की शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, सरवा गोळा करू नकोस, तो गरिबाचा आणि उपऱ्याचा आहे. अनुवाद 24 मध्ये त्याचं कारणही दिलंय: तू मिसरात दास होतास, हे ध्यानात ठेव. पुन्हा आठवण. ज्याला स्वतःची भूक आठवते, त्यालाच शेताची कड सोडायला जमतं, असं मला त्यावरून वाटतं.

हा कायदा चालताना बघायचा असेल तर बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचा. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत होतं. दुष्काळामुळे बेथलेहेमचं एक कुटुंब मवाब देशात जातं. तिथे नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात. नामी परत येते, सोबत फक्त सून रूथ, तीही परदेशी, मवाबी. गावातल्या बायका विचारतात, ही नामीच का? तर ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा, म्हणजे कडू, म्हणा, देवाने माझं आयुष्य फार कडू केलंय.

इथे जरा थांबतो. आपल्याकडे कुणाच्या घरी मयत झालं की तिसऱ्या दिवशी एखादा हमखास भेटतो, जो विधवेला म्हणतो, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, वचन आहे." वचन आहे, प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आहे, आणि पौलाने ते स्वतः मार खाऊन, तुरुंगात बसून कमावलेलं आहे. ते दुसऱ्याच्या तोंडावर फेकायला लिहिलेलं नाही. नामीचं बघा. ती भर रस्त्यात देवाविषयी कडू बोलते, आणि अख्ख्या पुस्तकात तिला कुणीही गप्प बसवत नाही. उपदेश करत नाही. तिच्या घरी धान्य येतं. बास.

ते येतं कसं? रूथ सरवा वेचायला जाते ती बवाज नावाच्या एका मालकाच्या शेतात. बवाज शेतात येतो तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतो? मजुरांना म्हणतो, परमेश्वर तुमच्याबरोबर असो. मालक आधी मजुरांना नमस्कार करतोय. मग चौकशी करतो की ही मुलगी कोण. तिला पाणी कुठलं प्यायचं ते सांगतो, गड्यांना बजावतो की हिला हात लावायचा नाही. दुपारी जेवायला आपल्या माणसांत बसवतो, हुरडा देतो. इतका देतो की ती पोटभर खाऊन उरलेला सासूसाठी नेते. आणि मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. ती उठून गेल्यावर तो गड्यांना सांगतो, पेंढ्यांमधूनही तिला वेचू द्या, थोडी कणसं मुद्दाम उपसून टाका, आणि तिला रागवू नका. तिला कळू न देता सांगतो. म्हणजे संध्याकाळी ती घरी जाईल तेव्हा तिला असं वाटेल की आज आपण भरपूर वेचलं. एफाभर सातू, साधारण वीस लिटरच्या डब्याएवढं. भीक घेऊन आली नाही ती, मजुरी करून आली.

आपण दान करतो तेव्हा फोटो काढतो. ब्लँकेट एक, हात सहा. हे इथेच सोडतो.

(पडद्यावर: रूथ 2:15-16)

आता आपल्या मातीतलं. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर, दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचा आश्रम, आजही चालू आहे. रमाबाईंचं नाव पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकतात, त्यामुळे लोकांना विद्वत्ता माहीत असते, भूक माहीत नसते. जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस. हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत देशभर फिरलं, आणि दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ उरले, पायी फिरत कलकत्त्याला पोचले. तिथे 1878 साली "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या मिळाल्या. पुढे लग्न, लवकरच वैधव्य, कडेवर मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. 1889 मध्ये मुंबईत चौपाटीवर शारदा सदन, म्हणजे विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह, ते पुढच्या वर्षी पुण्यात आलं.

आणि मग 1896-97चा दुष्काळ. मध्य प्रांतातून बातम्या येत होत्या. रमाबाईंच्या हाताशी फारसा पैसा नव्हता. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की आपल्या लहानपणचा दुष्काळ त्यांना आठवत होता आणि ते त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या उठल्या, तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावला जमीन घेतलेली होती, ती खरं तर फळबागेच्या उत्पन्नासाठी. तिथे मुली आल्या. 1900च्या सुमारास तिथे 1500च्या आसपास बायका-मुली राहत होत्या. आणि नुसत्या बसून जेवत नव्हत्या. शेत, गोठा, हातमाग, छापखाना. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी तिथल्या अंध बायकांना वाचायला शिकवलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते मुक्तीच्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. मनोरमा 1921 मध्ये गेल्या, रमाबाई 5 एप्रिल 1922 ला, आणि छापलेला ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

मला यात सरव्याचा कायदा जसाच्या तसा दिसतो. मिसरची आठवण, फळबागेची जमीन, त्या जमिनीत आलेली परकी माणसं आणि त्यांच्या हाताला दिलेलं काम.

आता एक अवघड भाग, तो टाळला तर तुम्ही खाली विचारणारच. "सेवा करता ती धर्म बदलायला ना?" हा प्रश्न आजचा नाही. 1893 साली शारदा सदनावर याच कारणाने वादळ उठलं. रमाबाईंचं म्हणणं असं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, कुणी येऊन बसलं तर मी हाकलत नाही. टीकाकारांचं म्हणणं की ज्या मुली पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून आहेत, त्यांना उघडं दार हेसुद्धा आमंत्रणच असतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. माझं मत सांगतो. रमाबाईंच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण टीकाकारांनी विचारलेला प्रश्न खोटा नव्हता, आणि तो प्रत्येक सेवा करणाऱ्याने, आमच्या लोकांनी तर आधी, स्वतःला विचारावा: घेणाऱ्याला "नाही" म्हणायची मोकळीक आहे का?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 17व्या अध्यायात, दहा कुष्ठरोगी आहेत. दहाही बरे होतात. आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? त्याला वाईट वाटलेलं दिसतं. पण त्या नऊ जणांचं बरं होणं तो परत घेत नाही. ते बरे झालेलेच राहतात, आपापल्या घरी जातात, बायकापोरांना भेटतात. आभार न मानता. आमची सेवा त्या नऊ जणांसाठीही असेल तरच ती ख्रिस्ताची, असं मी मानतो.

मिशनची मोठी कामं आपण अभिमानाने सांगतो. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत उभं केलेलं रुग्णालय घ्या, कितीतरी मराठी घरांत आजही त्याची आठवण निघते. सांगावीच. फक्त त्या अभिमानात एक आळस दडलेला असतो. सेवा म्हणजे इस्पितळ, वसतिगृह, कुठलं तरी ट्रस्टचं काम, आपण वर्गणी दिली की झालं.

म्हणून आता अगदी घरातलं बोलतो. आपल्याकडे घरची उपकारस्तुती असते. मुलाला नोकरी लागली, कुणी आजारातून उठलं, नवं घर झालं, की पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बोलवायचं, संध्याकाळी भक्ती, पेटी-तबल्यावर दोन-चार भजनं, साक्ष (देवाने काय केलं ते सांगणं) आणि मग जेवण. जेवणाचा बेत आदल्या आठवड्यात ठरतो, बिर्याणी की पुरी-भाजी यावर भांडण होतं. आणि यादी? यादी कोण करतं? त्यात कोण असतं? पाळक, कमिटी, नातेवाईक, ज्यांनी आपल्याला बोलावलं होतं ते, आणि ज्यांना नाही बोलावलं तर वर्षभर ऐकावं लागेल ते.

लूक 14 मध्ये येशू स्वतः यादीवर बोलतो. मित्र, भाऊ, नातलग, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांना परतफेड करता येणार नाही त्यांना बोलाव.

नातेवाइकांना कापा असं मी म्हणत नाही, मलाही याच समाजात राहायचंय. पण पुढच्या वेळी यादी करताना असं करा. ज्या उपकारासाठी भक्ती ठेवली आहे, तो देवाने कुणाच्या हातून केला ते आठवा. आई आजारातून उठली ना? मग रात्री दोन वाजता रिक्षा काढणारे शेजारच्या गल्लीतले भाऊ. वॉर्डात बेडपॅन बदलणाऱ्या मावशी. रक्त द्यायला आलेला तो मुलगा, ज्याचं आडनावही आपण नीट विचारलं नाही. ते ख्रिस्ती असतील-नसतील. फोन करा, वेळ सांगा, पत्ता सांगा. भक्तीला बसायचं की फक्त जेवायला यायचं, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आणि आले की डबा भरून दारातून देऊ नका. पहिल्या पंगतीला बसवा, आणि घरातल्या कुणीतरी शेजारी बसून जेवा.

तुमच्या घरी अशी कधी पंगत झाली असेल तर खाली लिहा, मला वाचायचंय. पुढच्या व्हिडिओत दशमांशाबद्दल बोलू. त्यावर भांडण होणार हे माहीत आहे, तयारीने या. सलाम.