मॅडम आणि तलावपाळीचं हिरवं पाणी

सकाळचे साडेसहा. ठाण्यात मसुंदा तळ्याच्या काठी, तलावपाळीवर वॉकवाल्यांची गर्दी, कोपिनेश्वरची घंटा ऐकू येतेय, आणि पायरीवर एक बाई वाकून बाटलीत पाणी भरतायत. रोज कोणीतरी थांबतंच, अहो हे घाण पाणी कशाला नेताय?

या बॉटनीच्या मॅडम. नाव नका घेऊ म्हणाल्या, मॅडमच म्हणा. कॉलेजात असताना त्यांच्या हाती एक जुना रिसर्च पेपर लागला, 1946 चा, गोन्साल्विस आणि जोशी यांचा, वांद्र्याच्या एका तळ्यात कुठल्या मोसमात कुठलं शैवाल येतं त्याचा. मॅडमना वाटलं, एका तळ्यावर एवढं लिहितात, मग आमच्या ठाण्यात तर तळीच तळी, मसुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी... झालं, तेव्हापासून पिशवीत बाटल्या घेऊन टीएमटीच्या बसने फिरतायत, 30 वर्षं झाली.

काम म्हणाल तर मोजायचं. पाण्यात आयोडीनचे थेंब टाकले की ते कोऱ्या चहासारखं दिसतं, शैवाल मरून हळूहळू तळाशी बसतं, मग तो गाळ एका काचेच्या खाचेत घ्यायचा, 50 बाय 20 मिलिमीटर, खोली जेमतेम 1 मिलिमीटर, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. शैवालाचे नाना प्रकार दिसतात, डायटम म्हणजे काचेची झाकणवाली डबी, पेडियास्ट्रम म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. युग्लीना फार दिसायला लागलं की मॅडमच्या कपाळाला आठी, सांडपाणी येतंय कुठूनतरी.

पण एक शैवाल काही केल्या बुडतच नाही. मायक्रोसिस्टिस. पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर दिसतो ना, बऱ्याचदा तेच असतं, आणि त्याच्या काही जाती लिव्हरला घातक विष बनवतात. त्याच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात म्हणून ते तरंगतं. यावर मॅडमकडे उपाय आहे, जर्मनीत 1895 पासून माहीत असलेला. बाटली काठोकाठ भरायची, घट्ट बूच लावायचं, आणि बुचावर हातोडी. ठक्क! दाबाने पोकळ्या फुटतात आणि वरचा थर डोळ्यांदेखत खाली जायला लागतो. एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची पोरं दरवर्षी म्हणतात, मॅडम परत करा ना.

आत्ता पायरीवर त्या लेबल लिहितायत. तारीख, वेळ, मसुंदा. पेन्सिलीने, कारण पेनाची शाई ओल्या हाताला लागून पुसते.