काचेची नळी आणि वीस मिनिटं

केळीच्या बागेतलं हे खोपडं बघा. यावल तालुका, मागे दिसतोय तो सातपुडा. आमच्या शेजारच्यांचा सालदार इथे राहायचा, तो, बायको आणि दोन पोरं, सगळे खालीच गोधडी टाकून झोपायचे. पावसाळ्यातली एक पहाट, मोठा पोरगा उठला आणि म्हणे, आई, पोट दुखू राह्यलं. अंगावर खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. आईने ओवा दिला. उजाडता उजाडता पोराच्या पापण्या मिटायला लागल्या तर घरच्यांना वाटलं झोपच झाली नाही बिचाऱ्याची. जवळच्या दवाखान्यात नेलं तिथे गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. थुंकी गिळता येईना तेव्हा कुठे कोणीतरी म्हटलं, अरे, मण्यार तर नाही ना चावली?

मण्यारच होती.

मण्यार रात्री हिंडते आणि झोपलेल्या माणसाला चावते, चावलेलं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही कारण दुखतच नाही. मग पोटात कळ, पापण्या जड, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वास. तिचं विष नसांची टोकं आतून खराब करतं, आणि एकदा का ती खराब झाली की एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध कितीही दिलं तरी ती लगेच परत येत नाहीत, नसा स्वतःहून सुधरेपर्यंत श्वास बाहेरून द्यावा लागतो. तो पोरगा सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाटेत १०८ मधल्या माणसाने अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, एक मिनिटही थांबवली नाही, म्हणून व्हेंटिलेटरपर्यंत तरी पोचला.

२०२० मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात २००० ते २०१९ या काळात भारतात साप चावून साधारण १२ लाख माणसं गेली असा अंदाज निघाला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे यातली बहुतेक माणसं दवाखान्यात नाही, घरीच गेली.

आता दवाखान्यातल्या सिस्टरच्या हातात काय आहे ते बघा, सापाच्या विषाने रक्त बिघडलंय का हे याने कळतं. साधी काचेची नळी, कोरडी, नवी कोरी. साबणाने धुतलेली चालत नाही आणि प्लास्टिकची तर अजिबात नाही, कारण या टेस्टमध्ये काचेच्या स्पर्शानेच रक्त गोठायला लागतं. दोन मिली रक्त घेतलं, नळी उभी ठेवली, वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, विषाने रक्त गोठवणारं सगळं संपवून टाकलंय, लगेच एएसव्ही सुरू. पण गोठलं म्हणून सुटलो असं नाही हां, मण्यार आणि नागाच्या चाव्यात रक्त गोठतंच, तिथे पापण्या आणि श्वासाकडे बघत बसायचं. या टेस्टला लॅब लागत नाही, लाइट नसली तरी होते.

एएसव्हीची रिअॅक्शन येईल या भीतीने कितीतरी ठिकाणी पेशंट पुढे पाठवतात आणि रस्त्यातच वेळ जातो. यावर श्रीलंकेत १००७ पेशंटवर चाचणी झाली, २०११ मध्ये छापून आली. एएसव्हीच्या आधी कातडीखाली अगदी थोडी ॲड्रेनलिन, म्हणजे जोराच्या रिअॅक्शनवर देतात ते इंजेक्शन, दिली तर पहिल्या तासातल्या गंभीर रिअॅक्शन ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. ॲड्रेनलिन तर पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, ट्रेमध्ये सहसा असतेच. आणि लहान मुलालाही एएसव्हीचा डोस मोठ्या माणसाएवढाच द्यायचा, कारण पोर लहान आहे म्हणून साप काही विष कमी टाकत नाही.

सापाच्या विषावर व्हॅरेस्प्लॅडिब नावाच्या औषधाची भारतात आणि अमेरिकेत चाचणी झाली, तोंडाने घ्यायचं औषध आहे. २०२४ मध्ये निकाल आला, मुख्य मोजमापात ठोस फरक दिसला नाही, पण पाच तासांच्या आत ज्यांना मिळालं त्यांच्यात फायद्याची चिन्हं होती. म्हणजे इथेही गाठ वेळेशीच.

नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं होतं. सालदार आता गावात राहतो. परवा शूटिंगला गेलो तेव्हा खाटेवर मच्छरदाणी होती, चारी बाजूंनी गादीखाली दाबलेली, आणि पोरगा आत दप्तर घेऊन अभ्यास करत बसला होता.