कोर्लईची माणसं कुठून आली

(दृश्य: कुंडलिका नदीचं मुख. साळावचा पूल. होड्या.)

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडताना उजव्या हाताला कुंडलिका समुद्राला मिळते. तिथंच समुद्रात शिरलेली डोंगराची एक लांबट सोंड दिसते. सोंडेवर किल्ला आणि तिच्या मुळाशी गाव. कोर्लई, तालुका मुरूड, जिल्हा रायगड.

गावात कोळी आहेत, माळी आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. यात तसं नवल काही नाही, रायगडच्या किनाऱ्यावर अशी गावं बरीच सापडतील. पण इथल्या ख्रिस्ती वस्तीत कान देऊन ऐका. आई मुलाला हाक मारते, शेजारीण शेजारणीशी ओट्यावरून बोलते, ती भाषा मराठी नाही आणि कोकणीही नाही. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठीत येतं तसंच. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. ती या भाषेला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा.

(दृश्य: चौलचे जुने अवशेष, नारळी-पोफळीच्या वाड्या.)

ही माणसं कोण, हे समजून घ्यायचं तर आधी खाडीपलीकडच्या चौलला जावं लागतं. चौल फार जुनं बंदर. अरब प्रवासी अल-मसूदी इसवी सनाच्या दहाव्या शतकात इथं आला, तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. त्यानं लिहून ठेवलंय, की इथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. ओमान, बसरा, बगदादहून आलेले. आणि त्यांची इथंच जन्मलेली मुलंबाळं, त्यांना तर त्यानं वेगळं नावसुद्धा नोंदवलंय. म्हणजे बाहेरून आलेला बाप आणि या मातीतला जन्म, ही गोष्ट या खाडीच्या तोंडाशी हजार वर्षांपूर्वीही घडत होती. पुढं पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरात उतरला. इथल्या बेने इस्राएली ज्यूंमध्ये आजही चेऊलकर हे आडनाव आहे. खाली मुरूडकडे गेलात की जंजिरा, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींची राजधानी. या किनाऱ्यावर अस्सल इथलं कोण, असा प्रश्न विचारणाऱ्यानं आधी ही यादी डोळ्यांखालून घालावी.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. निजामशहाच्या परवानगीनं 1521च्या सुमाराला त्यांनी चौलला कोट बांधायला घेतला. कोटात शिपाई, खलाशी, पाद्री आणि व्यापारी होते. पोर्तुगालहून बायका जवळजवळ येतच नसत. त्यामुळे शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, किंवा लग्नाशिवाय घरं केली. बाप्तिस्मा झालेली स्थानिक कुटुंबं कोटाच्या आश्रयाला राहिली. आणि विकत घेतलेले गुलामही होते, आफ्रिकेतले आणि हिंदुस्थानातले. हे शेवटचं वाक्य माहितीपटांतून बहुधा गाळलं जातं. आम्ही ते गाळणार नाही. या भाषेत घरातल्या स्वयंपाकघराचा जेवढा वाटा आहे, तेवढाच हुकूम ऐकणाऱ्यांचाही आहे.

(दृश्य: किल्ल्याची पायवाट, तोफा, छत नसलेलं प्रार्थनाघर.)

1594 साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून हा डोंगर जिंकला आणि किल्ला मजबूत केला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी सुभानराव माणकरांना इथं धाडलं. 1740च्या तहानं चौल आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले. ज्यांना गोव्याला जाणं परवडणारं होतं, ते गेले. गरीब ख्रिस्ती मात्र मागे राहिले. ते या डोंगराच्या पायथ्याशी एकवटले, भातशेती आणि मोलमजुरी करून जगू लागले.

इथून पुढं जे झालं, ते या गावाची खरी गोष्ट आहे. पोर्तुगीज सत्ता गेली, पण भाषा गेली नाही. शाळा नव्हती, छापलेलं पुस्तक नव्हतं, दरबार नव्हता. चर्चमध्ये पोर्तुगीज कानावर पडत असे, तेवढंच. तरी अडीचशे वर्षं ती टिकली कशी?

अभिमानानं टिकली, असं म्हणायला आवडलं असतं. पण भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलेलं कारण वेगळं आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शेजारच्या हिंदूंशी रोटीबेटी व्यवहार नाही, मुसलमानांशी नाही. वसई, मुंबई आणि गोव्याचे ख्रिस्ती लांब. त्यामुळे लग्नं वस्तीतल्या वस्तीतच व्हायची. मुलीचं माहेर आणि सासर दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि दोन्हीकडे भाषा एकच. जातीची आणि धर्माची जी भिंत माणसाला कोंडते, तिनंच या भाषेला आडोसा दिला. हे कबूल करताना त्रास होतो, पण खरं तेच आहे.

(दृश्य: माउंट कार्मेल मातेचं चर्च. शाळेतून घरी येणारी मुलं.)

आता ती भिंत खचते आहे, आणि ती खचायलाच हवी. 1960च्या दशकात चर्चमध्ये पोर्तुगीजची जागा मराठीनं घेतली. मुलं मराठी शाळेत जातात. खाडीवर पूल झाला, साळावला लोखंडाचा कारखाना आला, तरुण मुंबईला नोकरीला जातात आणि सून बाहेरून येते. सून घरात मराठी बोलते, मग नातवंडंही मराठीच बोलतात. आजीला नातवाचं सगळं समजतं. आजीचं नातवाला समजतं, पण उत्तर तो मराठीत देतो.

इथं गोरी कातडी किंवा घारे डोळे शोधायला कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की तो शोध सोडा. या वस्तीचं रक्त मुख्यतः इथलंच आहे, कोकणातलं. मिश्रण ऐकायचं असेल तर ते माणसांच्या बोलण्यात ऐका. पाद्र्याच्या प्रार्थनेत नव्हे, बाजारातल्या भावाच्या घासाघिशीत.

(दृश्य: घराचा ओटा. वही घेऊन बसलेला प्रगणक.)

सरकारी कागदावर मात्र ही माणसं नीट उतरतच नाहीत. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत वंश मोजला जात नाही, आणि ते बरंच आहे. धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' येतं. पण 1971पासून दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषांचे आकडे वेगळे छापलेच जात नाहीत, ते 'इतर'मध्ये जातात. म्हणजे कोर्लईची अख्खी वस्ती खरं उत्तर देऊनही भाषेच्या तक्त्यात दिसत नाही.

पुढची जनगणना 2027ची आहे, आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. कोर्लईच्या ओट्यावर बसलेला प्रगणक मातृभाषा विचारेल, तेव्हा या घरांनी 'मराठी' म्हणून मोकळं होऊ नये. आपल्या भाषेचं नाव सांगावं, ते लिहून घ्यायला लावावं. आणि तो आकडा हजाराचा असो की आठशेचा, तो तक्त्यात वेगळा छापावा, अशी आमची मागणी आहे.