बांधीतलं घरटं

(ऑगस्टची पहाट. पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं. अजून नीट उजाडलेलं नाही. लांबून आवाज येतो.)

ऐका.

एक लांब हाक, आणि तिला जोडून लगेच दोन आखूड हाका. लांब हाक नराची, आखूड दोन मादीच्या. दोघांच्या माना आभाळाकडे ताणलेल्या, चोची वर. नराने पंख किंचित उचललेत. हे सारस. उभा राहिला की माणसाएवढा उंच. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याहून उंच पक्षी जगात दुसरा नाही.

आपण आहोत गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या मुलखात. महाराष्ट्रात सारस बघायचा तर इथेच यावं लागतं. गोंदिया, शेजारचा भंडारा, चंद्रपुरात क्वचित एखादा. बाकी राज्यातून तो गेला.

या बांधीचं गाव आम्ही सांगणार नाही. ज्यांची बांधी आहे त्यांचं नावही नाही. घरट्याचा पत्ता फुटला की फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या येतात, गर्दी होते, पक्षी उठतो. उठलेल्या पक्ष्याच्या मागे अंडी उघडी पडतात, आणि कावळे तेवढ्याचीच वाट बघत असतात. तुम्ही बघताय ते सगळं आम्ही लांबून, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, आडोशाने टिपलंय. घरट्याजवळ आमच्यातलं कुणीही गेलेलं नाही.

(घरटं. लांबच्या लेन्सने, पण जवळून दिसतंय.)

हिरव्या धानाच्या मधोमध हा पिवळट ढिगारा दिसतोय? हेच घरटं. आडवं मोजलं तर चांगलं सहा-सात फुटी खाटेएवढं भरेल. गवत, लव्हाळा, आणि हो, धानसुद्धा. आता मादी काय करते ते बघा. चोचीने एक जुडी उपटते आणि न वळता खांद्यावरून मागे टाकते. परत एक उपटते, परत मागे. घरट्याकडे पाठ करून घरटं बांधायची या पक्ष्याची ही रीत आहे. दोन-दोन, चार-चार पावलं पुढे सरकत ती मागे फेकत राहते, आणि ढीग वाढत जातो. भोवतीची जागा मोकळी होत जाते, पाण्याचा एक खंदकच तयार होतो म्हणा ना.

रात्री जोराचा पाऊस झाला, बांधीतलं पाणी चढलं, की ही जोडी आणखी सामान आणून घरटं उंच करते. अंडी भिजू नयेत म्हणून चाललेली ही धडपड ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्याकडून त्या घरट्याला धक्का लागत नाही.

अंडी बहुतेक वेळा दोन. चांगली हाताच्या पंज्यात मावतील न मावतील एवढी. उबवायला लागतो साधारण महिना. दिवसातून पाळ्या बदलतात. नर येतो, मादी उठते, दोघं मिळून हाक देतात, आणि नर पाय दुमडून हळूच अंड्यांवर बसतो. बसायच्या आधी चोचीने अंडं जरासं फिरवतो.

आता हेच घरटं शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा.

या भागात बहुतेकांची शेती थोडी. एखादा एकर, दोन एकर, त्याचेही बांध्यांत पडलेले तुकडे. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी बी पेरायचं, पावसाची वाट बघायची, चिखलणी करायची, मग रोवणा, म्हणजे रोपांची लावणी. रोवण्याला अख्खं गाव शेतात असतं. बाया ओळीने वाकून, घोटाभर चिखलात, दिवस-दिवस. एवढ्या कष्टाने लावलेल्या धानात दोन मोठे पक्षी उतरतात, रोप उपटतात आणि ढीग करतात. त्या घरट्याखालचं पीक गेलं, भोवतीचंही थोडं गेलं. आणि पुढचा महिनाभर त्या कोपऱ्यात निंदायला जायचं नाही, फवारायला जायचं नाही, युरिया टाकायला जायचं नाही.

हे नुकसान फार मोठं आहे का? गुजरातेत खेडा जिल्ह्यात धानाच्या शेतांवर याचा रीतसर अभ्यास झालाय. सारसामुळे होणारं नुकसान एकूण पिकाच्या मानाने फारच थोडं निघालं. पण एक गोष्ट आम्हाला इथे स्पष्ट म्हणायची आहे. सरासरीत थोडं असलेलं नुकसान एका माणसाच्या एका बांधीत होत असतं. ज्याची ती बांधी, त्याच्यासाठी ते पायलीभर धान खरंखुरं धान आहे. जिल्ह्याच्या अभिमानाची किंमत एकट्या त्या घराने मोजावी, हे बरोबर नाही.

(तलावाची पाळ. सायकलवरून एक तरुण येतो. गळ्यात दुर्बीण.)

2004 च्या सुमारास गोंदिया जिल्ह्यात सारस बोटांवर मोजता येतील एवढेच उरले होते. सावन बहेकर आणि त्यांच्या 'सेवा' संस्थेतले तरुण तेव्हा तलावांच्या पाळींवरून आणि धुऱ्यांवरून फिरायला लागले. सारस आहेत कुठे, रात्री कुठे थांबतात, घरटं कुठे करतात, एवढंच आधी शोधायचं होतं. आणि शोधता शोधता एक गोष्ट लक्षात आली. त्यांना जे शोधायचं होतं ते शेतकऱ्याला आधीपासून माहीत होतं. कुठल्या बांधीत जोडी दरवर्षी येते, मागच्या साली किती पिल्लं निघाली, त्यातलं एक कशाने गेलं.

हा पक्षी जंगलात राहत नाही. त्याच्यासाठी कुंपण घालून अभयारण्य करता येत नाही. नागझिरा आणि नवेगाव याच जिल्ह्यात आहेत, वाघ-बिबटे तिथे सांभाळले जातात. सारस मात्र सातबाऱ्यावरच्या जमिनीत अंडी घालतो. तिथे वनखात्याचा पहारेकरी रोज कसा उभा राहणार? तिथे उभा असतो तो शेतकरी. म्हणून संस्थेचं काम सुरू झालं ते घरोघरी बसण्यातून, चहा पिण्यातून, ऐकून घेण्यातून. पुढे गावोगावी सारस मित्र, म्हणजे सारसावर लक्ष ठेवणारे गावातलेच तरुण, तयार झाले.

सायकलवरचं हे पोर त्यांतलंच. हंगामात ते फेरीवर निघतं. धुऱ्यावर कुणी दिसलं की सायकल थांबते.

"काका, जोडी आली का यंदा?"

"आली ना बाप्पा. पल्याडच्या बांधीत बसली हाये. तिकडून जाऊ नको, उठन ते."

एवढंच बोलणं. पण या बोलण्यात सगळी व्यवस्था आहे. सारस मित्राने तारीख लिहून घेतली. महिन्याचा हिशेब केला. गावातल्या मुलांना सांगितलं, गुराख्याला सांगितलं, मोकाट कुत्र्यांकडे लक्ष ठेवायला सांगितलं. पूर्वी अंडी उचलून न्यायचे प्रकारही व्हायचे. आता ज्यांच्या शेतात घरटं आहे त्यांना गावासमोर बोलावून सत्कार करतात. शाल-श्रीफळ, टाळ्या. कुणाला वाटेल, यात काय आहे. पण 'आमच्या बांधीत सारस बसते' हे चारचौघांत सांगायची गोष्ट झाली, आणि अंडी चोरणं ही लपवायची गोष्ट झाली. हा फरक पडायला वर्षं लागली.

उत्तर प्रदेशात, जिथे देशातले सर्वाधिक सारस आहेत, तिथे गोपी सुंदर यांनी मैनपुरी-इटावा भागात वर्षानुवर्षं धानशेतीतल्या सारसांचा अभ्यास केला. शेतकरी जिथे त्यांना राहू देतो आणि मधे-मधे छोटी पाणथळ शिल्लक असतात, तिथे धानाच्या शेतातही सारस नेटाने पिल्लं वाढवतात, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. गोंदियात लोक अनुभवाने जे सांगत होते त्याला त्यामुळे बळ मिळालं.

(तलाव. कडेला कमळाची पानं, पलीकडे बेशरमाची दाट झुडपं.)

छोटी पाणथळ. म्हणजे इथे काय? इथे बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, आणि इथे मामा तलाव.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधत गेले. त्यात कोहळी समाजाची जाण आणि मेहनत फार मोठी. पाळ कुठे घालायची, पाणी कुठल्या अंगाने येईल, खाली किती बांध्या भिजतील, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा शेतसारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे आले, मालगुजारी गेल्यावर सरकारकडे. नावात 'माजी' तेवढं राहिलं. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. म्हणून तर जुन्या भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणायचे. 1999 साली त्यातूनच गोंदिया वेगळा झाला.

धान कापल्यावर, उन्हाळ्यात, सारस याच तलावांच्या काठी येतो. उथळ पाण्यातले कंद उकरतो, गोगलगायी, बेडूक, किडे खातो. रात्री पाण्यात उभा राहून झोपतो. तलाव गाळाने भरला, काठ बेशरमाने माजला, गाळपेरीसाठी कड नांगरली गेली, की त्याला उभं राहायला जागा नाही. बांधीत कितीही जपा, उन्हाळा कुठे काढणार?

या कामात ढीवर या मासेमार समाजाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी, आधी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मग 'फीड' संस्थेतून, ढीवरांबरोबर तलाव सुधारण्याचं काम करत आले. पाणी आटल्यावर बेशरम मुळासकट काढायचं, तलावाचा तळ नांगरायचा, आणि पावसात पाणी भरलं की मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. हे लावणारे हात बरेचसे बायांचे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, रोवण्यासारखंच. कोणती वनस्पती मासा खातो, कोणत्या वनस्पतीत अंडी देतो, कोणता पक्षी कुठे उतरतो, हे ढीवरांना तोंडपाठ. वनस्पती आल्या, की देशी मासे वाढतात, मासे वाढले की पक्षी येतात. एका तलावात मासेमाराची मिळकत आणि पाखराचं पोट एकाच मुळाला धरून असतं.

(विजेच्या तारा. खाली पिवळं धान.)

सगळं चांगलंच चाललंय असं दाखवून आम्ही तुमचा निरोप घेणार नाही. कारण तसं नाहीये.

शेतकऱ्यांच्या आणि सारस मित्रांच्या मेहनतीने जिल्ह्यातली संख्या चाळिशीच्या आसपास गेली होती. मग ती पुन्हा तिशीकडे घसरली. शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारांना धडकून सारस मेलेत. एवढ्या मोठ्या पंखांचा पक्षी, संध्याकाळच्या अंधूक उजेडात त्याला तार दिसत नाही. कीटकनाशकांचा धोका आहे. नदीकाठची वाळू उपसली जाते आहे. आणि ही जोडी दर साली फार तर एक-दोन पिल्लं वाढवते. एक जाणता पक्षी तारेवर मेला, तर त्या बांधीतलं घरटं पुढची कित्येक वर्षं रिकामं राहू शकतं.

2021 मध्ये वृत्तपत्रातली बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली आणि जनहित याचिका दाखल करून घेतली. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या झाल्या. तारांचा प्रश्न, तलावांचा प्रश्न सरकारी टेबलावर आला. ते टेबलावरून शेतापर्यंत किती लवकर पोचतं, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. शेतकरी घरटं राखू शकतो, दोन कुत्री हाकलू शकतो. डोक्यावरून गेलेली तार त्याच्या हातात नाही.

(ऑक्टोबर. धान लोंबीवर. एका कोपऱ्यात गवत हलतं.)

हे बघा. त्या उंच पायांच्या मधे.

पिल्लू. अंगावर तपकिरी-पिवळी लव. अंड्यातून निघाल्यावर दिवस-दोन दिवसांतच ते आई-बापाच्या मागे चालायला लागतं. पण उडायला लागायला तीन महिने तरी हवेत. आणि हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान तर आता कापणीला आलाय. म्हणजे ज्यांनी महिनाभर घरटं राखलं, त्यांच्यापुढे आता दुसरा पेच. कापायला मशीन आणायचं तर पिल्लू धानात दडून बसलेलं असू शकतं. धोका वाटला की ते पळत नाही, तिथेच चिकटून बसतं.

या बांधीचे मालक मशीन आणणार नाहीत. विळ्यानेच कापणार, आणि कापायला सुरुवात करणार ती तलावाकडची बाजू सोडून, पल्याडच्या टोकापासून. म्हणजे माणसं जशी पुढे सरकतील तसं सारसांचं कुटुंब पिल्लाला घेऊन आपोआप तलावाकडे सरकेल. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. सारस मित्राने विचारलं तेव्हा त्यांनी हाताने दिशा दाखवली फक्त.

(जून. पहाट. तलावाची पाळ. पाच-सहा माणसं शांत उभी.)

पाऊस पडायच्या आधी, जूनमध्ये, दरवर्षी सारसांची मोजणी होते. गोंदिया, भंडारा आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातलं बालाघाट, सगळीकडे एकाच सुमाराला. वैनगंगा आणि बाघ नदी ही माणसांची सीमा आहे. सारस सकाळी इकडे असतो, दुपारी तिकडे. उजाडायच्या आत माणसं ठरलेल्या तलावांवर पोचतात. वनखात्याचे लोक, संस्थेची मुलं, आणि गावातले शेतकरी.

बोलायचं नाही. रात्रभर पाण्यात उभे असलेले सारस उजेड झाला की उठतात, तेवढ्यात मोजायचं.

आज या तलावावर तीन आहेत. दोन मोठे, राखाडी अंगाचे, मानेपर्यंत लाल. तिसऱ्याच्या डोक्यावर अजून तो लाल रंग आलेला नाही, विटकरी झाक आहे. सारस मित्र वहीत लिहितो. शेजारी उभे असलेले काका वहीत बघत नाहीत. ते तिसऱ्याकडे बघतायत. ऑक्टोबरात त्यांच्या बांधीतून तलावाकडे सरकलेलं ते हेच, असं त्यांचं म्हणणं.

तिघं उठले. आधी दोघं, मागून तो. तलावावर एक गोल फेरी घेतली आणि बांध्यांच्या दिशेने गेले. बांध्या अजून कोरड्या आहेत. पऱ्हे टाकायला काकांना या आठवड्यात पाऊस हवाय.