पेशीची निरवानिरव

(दृश्य: भातखाचरात साचलेलं पाणी. काठाशी बेडूकमासे.)

पाऊस लागला की डबक्याडबक्यांत हे दिसू लागतात. याला चारही पाय फुटलेत, शेपूट मात्र अजून आहे. थोड्याच दिवसांत ते नसेल. ते तुटून पडत नाही. थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाचा निरोप पोचतो आणि शेपटातल्या पेशी स्वतःहून मरू लागतात. या काळात पिल्लाचं तोंड बदलत असतं, खाता येत नाही. मग शेपटाचाच ऐवज कामी येतो.

आपल्या बोटांचंही तसंच. आईच्या पोटात सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भाचा पंजा वल्ह्यासारखा सलग असतो. मधल्या पेशी मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या फारशा मरत नाहीत, म्हणून पडदा राहतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली एकच पेशी.)

भाजलं, चेचलं, की पेशी फुटते. आतलं सगळं बाहेर सांडतं, आजूबाजूला सूज येते. इथे बघा, असं काहीच होत नाहीये. पेशी आक्रसते, शेजारणींपासून अलग होते. आत मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं. एरवी हेच प्रथिन पेशीला ऊर्जा मिळवून देतं. जागा सोडली की तेच मरणाचा निरोप ठरतं. त्यासरशी कॅस्पेज विकरं जागी होतात. ती पेशीत आधीपासूनच असतात, म्यानातल्या सुऱ्यांसारखी. पेशीचा सांगाडा कापला जातो, डीएनएचे तुकडे होतात, सगळं लहान लहान पुडक्यांत बांधलं जातं. आवरणाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध पदार्थ बाहेर येतो, 'मला उचला' असं सांगत. भक्षक पेशी येतात, पुडकी गिळतात. शेजाऱ्यांना तोशीस नाही. निरवानिरव हा शब्द आपण माणसांसाठी राखून ठेवलाय, पण मला तो इथेही शोभतो असंच वाटतं.

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी या मरणाला ग्रीक नाव दिलं, अपोप्टोसिस. अर्थ पानगळ.

(दृश्य: काचपट्टीवर पारदर्शक कृमी, लांबी जेमतेम १ मिलिमीटर.)

केंब्रिजमध्ये जॉन सल्स्टन या कृमीच्या गर्भातली पेशी न् पेशी डोळ्यांनी मोजत, हाताने आकृत्या काढत बसले. दिवसातून दोनदा, तासन् तास, सुमारे दीड वर्ष. हिशेब पक्का लागला: शरीराच्या १०९० पेशी जन्मतात, १३१ मरतात, ९५९ उरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१! म्हणजे हे मरण जनुकांत लिहिलेलं असणार. ती जनुकं रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी शोधली. २००२ चं नोबेल या दोघांना आणि सिडनी ब्रेनर यांना मिळालं.

आता माणसाकडे येऊ. फॉलिक्युलर लिम्फोमा या कर्करोगात १८ व्या गुणसूत्रावरचं बीसीएल-२ जनुक बहुतेक वेळा १४ व्यावर जाऊन बसतं आणि त्याचं प्रथिन भरमसाट तयार होतं. या प्रथिनाचं काम मरण रोखण्याचं. पेशी मरायची थांबते, आणि अशा न मरणाऱ्या पेशी साचत जातात. १९९२ मध्ये माणसाचं हेच जनुक त्या कृमीत घातलं, तर तिथल्याही काही पेशी मरायच्या राहिल्या. एवढं जुनं आहे हे नातं.

(दृश्य: औषधाची गोळी.)

२०१६ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका कर्करोगासाठी वेनेटोक्लॅक्सला मान्यता मिळाली. ही गोळी बीसीएल-२ ला अडकवून ठेवते, एवढंच. पुढचं काम पेशी स्वतः करते.