गॅट्सबीच्या हिरव्या दिव्यात गॅट्सबीच दिसतो

नमस्कार मंडळी! आज 'द ग्रेट गॅट्सबी'वर बोलायचंय आणि शेवटासकट बोलायचंय, त्यामुळे कादंबरी वाचायची राहिली असेल तर आधी वाचून या.

गाइड उघडा, नोट्स उघडा, सगळीकडे एकच ओळ सापडते, गॅट्सबी पाण्यापलीकडे बघत राहतो तो हिरवा दिवा म्हणजे आशा. परीक्षेला चालेल ते, पण तेवढ्यावर थांबलात तर लेखक फिट्झजेराल्डची खरी कमाल हातची जाते असं मला मनापासून वाटतं.

बॅकग्राउंड पटकन सांगतो. पुस्तक १९२५ चं, गोष्ट १९२२ च्या उन्हाळ्यातली, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची. गॅट्सबी म्हणजे मूळचा नॉर्थ डकोटाच्या गरीब शेतकऱ्याचा पोरगा जेम्स गॅट्झ, दारूबंदीच्या काळात बेकायदेशीर धंद्यांतून गब्बर झालेला. तो राहतो वेस्ट एगला, आणि बरोब्बर समोर, पाण्यापलीकडे ईस्ट एगला त्याची जुनी प्रेयसी डेझी, तिचा नवरा टॉम ब्यूकॅनन, त्याच्याकडचा पैसा घराण्यातूनच आलेला. आणि हे सगळं सांगतो निक, डेझीचा लांबचा भाऊ आणि गॅट्सबीचा शेजारी.

आता पाचवं प्रकरण. जवळजवळ पाच वर्षांनी गॅट्सबी आणि डेझी निकच्या घरी भेटतात, हा बिचारा इतका घाबरलेला की मँटलपीसवरच्या, म्हणजे शेकोटीवरच्या फळीवरच्या, बंद पडलेल्या घड्याळाला डोकं टेकून उभा राहतो, घड्याळ कलतं आणि तो थरथरत्या बोटांनी ते पकडून परत जागेवर ठेवतो. वेळ मागे न्यायला निघालेला माणूस आणि हातात बंद घड्याळ! पण हे प्रतीक आहे असं लेखक कुठेही ओरडून सांगत नाही, सीन आधी एका भेदरलेल्या माणसाचा आहे, बाकीचं आपल्याला नंतर सुचतं.

मग तो तिला आपलं घर दाखवायला नेतो. आणि तिथं खिडकीपाशी तो म्हणतो की धुकं नसतं तर पलीकडचं तुझं घर दिसलं असतं, तुमच्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर हिरवा दिवा असतो. डेझी पटकन त्याच्या हातात हात घालते, पण त्याचं लक्ष अजून स्वतःच्याच बोलण्यात अडकलेलं. निकला जाणवतं की तो दिवा आता परत नुसता दिवा झालाय, ज्या गोष्टींत जादू होती त्यातली एक कमी झाली. आता सांगा, ती शेजारी उभी असताना दिव्यातली जादू का गेली? कारण ती जादू त्याच्या झुरण्यात होती, दिव्यात कधीच नव्हती.

ही चावी सगळ्या कादंबरीला लागते. वस्तू साधी असते, अर्थ बघणारा माणूस घालतो, आणि तो काय अर्थ घालतो त्यावरून तो माणूस कसा आहे ते कळतं. वेस्ट एग आणि न्यूयॉर्कच्या मधल्या राखेच्या खोऱ्यातले ते एकलबर्गचे अवाढव्य डोळे घ्या. काय आहे ते? डोळ्यांच्या डॉक्टरची जुनी, रंग उडालेली जाहिरात, बस. पण बायको मेल्यावर तिथला गॅरेजवाला जॉर्ज विल्सन त्या डोळ्यांकडे बघत म्हणतो देव सगळं बघतो, आणि शेजारचा मायकेलिस त्याला सांगतो, अरे ती जाहिरात आहे. म्हणून 'डोळे म्हणजे देव' असं सरळ लिहू नका, देव विल्सनला दिसतोय, आणि ज्याचं सगळं लुटलं गेलंय त्यालाच दिसतोय.

डेझीबद्दल मात्र मला वाचकांचा थोडा राग येतो, उथळ, लोभी म्हणून तिला मोकळं करतात. चौथ्या प्रकरणात डेझीची मैत्रीण जॉर्डन सांगते ते बघा ना. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ही प्यायलेली, एका हातात बहुधा गॅट्सबीचं पत्र, टॉमनं दिलेला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार परत करा म्हणते, पत्र सोडत नाही, बाथटबमध्ये पण नेते आणि ते भिजून तुकडे तुकडे होतं. अर्ध्या तासात हार गळ्यात, आणि दुसऱ्या दिवशी लग्न! म्हणजे ओढ तिलाही होती, पण सेफ बाजू सोडायची हिंमत नव्हती, आणि गॅट्सबीला ही हाडामांसाची घाबरणारी बाई दिसतच नाही, त्याला पाच वर्षं मनात रंगवलेली डेझी हवी असते. तिच्या आवाजात पैसा भरलाय हे वाक्यही तोच बोलतो बरं का, टॉम नाही.

आणि एक गोष्ट सहसा सुटते, निकसुद्धा बघणाराच आहे. सुरुवातीलाच म्हणतो मी लोकांबद्दल लगेच मत बनवत नाही, आणि मग पानोपानी मतं देतो. गॅट्सबी पहिल्यापासून शेवटपर्यंत पटला नाही असंही सांगतो, आणि टॉम-डेझी वगैरे ते सगळे मिळूनही तुझ्या तोडीचे नाहीत असंही त्याला सांगून येतो. टायटलमधला 'ग्रेट' कुणाच्या नजरेतला आहे, ते इथून शोधायला लागा. पुढच्या वाचनात निकनं स्वतः पाहिलेलं काय आणि ऐकीव काय, पेन्सिलनं खुणा करत जा, आणि तुम्हाला निक किती विश्वासार्ह वाटतो ते कमेंटमध्ये नक्की लिहा, मी वाचतो सगळ्या.